उंबऱ्यात बदललेला पाय

ठाण्याहून कल्याणला जाणे म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. आगगाडीत बसावे, पानाचा विडा तोंडात धरावा, तो चघळून होईपर्यंत कल्याण आलेले असते. एवढ्याशा वाटेचे वर्णन कोण लिहितो, असे वाचक म्हणतील. म्हणोत बापडे. मी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे ठरवून निघालो होतो आणि जवळजवळ पंधरवडा तिकडेच अडकून पडलो. तेव्हा लिहिण्याचा हक्क मला आहे.

काम होते मुलगी पाहण्याचे. माझ्यासाठी नव्हे, धाकट्या भावासाठी, नानासाठी. वडील नाहीत, त्यामुळे थोरला म्हणून ही जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. निघताना आईने दारात उभे राहून बजावले, "माणसं कशी आहेत ते बघ. आणि हे बघ, शुभकार्याला चालला आहेस, त्यांच्या घरात शिरताना उजवा पाय आधी टाक."

गाडीने खाडीवरचा पूल ओलांडला. एका अंगाला मिठागरे पांढरी पडली होती आणि गुडघाभर पाण्यात उभी माणसे फळ्यांनी मीठ ओढीत होती. पुढे मुंब्र्याचा डोंगर इतका जवळ येतो की खिडकीतून हात काढायची भीती वाटावी. माझ्या बाकावर एक गृहस्थ होते, त्यांनी कल्याणात पाहण्यासारखे काय काय आहे ते सविस्तर सांगितले : दुर्गाडीचा किल्ला, शेणाळे तळे, खाडीवरचे बंदर. मी सगळे लक्षात ठेवले. त्यातले एक बंदर तेवढे मला दिसले.

स्टेशनावरून छकडा करून मी मुलीच्या घरी पोचलो. तिचे वडील अप्पा, कचेरीत कारकून, दारात सामोरे आले. मागे त्यांची विधवा बहीण, जिला सगळे आत्याबाई म्हणत, पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मी पाय धुतले, नमस्कार-चमत्कार झाले, आणि बोलत बोलत डावा पाय उचलून उंबऱ्याच्या आत नेला. तोच आईचे शब्द आठवले! डावा पाय मागे घ्यायचा आणि उजवा पुढे करायचा, ही दोन्ही कामे मी एकाच वेळी करायला गेलो. ओल्या पायाने ते जमले नाही. उजवा घोटा आतल्या बाजूला वळला आणि मी मुलीच्या घरात शिरलो तो उभा नव्हे, आडवा.

"अगं बाई!" आत्याबाई ओरडल्या. "पहिल्याच पावलाला!"

अप्पांचा चेहरा माझ्या पायापेक्षा लवकर सुजल्यासारखा झाला. कारण उघड होते. मुलगी अजून सासरी आलेली नाही, आणि तिच्या उंबऱ्यात दीर पडला. हे बाहेर कळले की लोक म्हणणार, पोरीचा पायगुण वाईट. मग ठाणे राहिले बाजूला, कल्याणातसुद्धा तिला कोणी विचारणार नाही.

तर कल्याण मी पाहिले ते ओटीवरच्या बाजेवरून. समोरून तळ्यावर धुणी घेऊन जाणाऱ्या बायका, तांदळाच्या गोणी लादलेले बैल, आणि माझ्या पायाची चौकशी करायला येणारे यच्चयावत शेजारी. प्रत्येकाला अप्पा सांगत, "स्टेशनावर उतरताना मुरगळला हो!" मी गप्प बसे. खोटे मी बोलत नव्हतो, फक्त ऐकत होतो.

उपचारांत कसूर नव्हती. सकाळी निर्गुडीच्या पाल्याचा शेक, संध्याकाळी आंबेहळद आणि तुरटीचा गरम लेप. लेप वाळला की कातडी अशी ओढायची की दुखणे परवडले. खाण्याची मात्र चंगळ होती. वालाचे बिरडे नारळाच्या रसात शिजवलेले, तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, आणि रात्री मेतकूट-भात. एवढे सगळे स्वयंपाकघरातून कोण करून पाठवते हे मला माहीत होते, पण तिला मी पाहिले नव्हते. पाय ठीक झाल्याशिवाय मुलगी पाहण्याचा कार्यक्रम करायचा नाही असे अप्पांनी ठरवले होते. लंगड्या पाहुण्यासमोर मुलगी बसवणे त्यांना बरे वाटेना.

आठवडा उलटला तरी सूज हटेना. एके दुपारी अप्पा माझ्या पायाकडे बघत बसले होते. तेवढ्यात आत्याबाई लेपाची वाटी आदळून म्हणाल्या, "कसले मेले लेप थापताय! घरात धडधडीत पायाळू पोर असताना—"

आणि त्यांनी जीभ चावली.

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेले मूल. अशा माणसाने लचकलेल्या जागी पाय लावला की लचक जाते, असा समज आहे. आणि विजेला पायाळू माणूस आवडतो, आभाळ कडाडले की ती त्यालाच शोधत येते, हाही समज आहे. पहिल्या समजासाठी लोक पायाळू माणसाला बोलावतात. दुसऱ्यासाठी त्याला सून करून घेत नाहीत.

अप्पांनी आदळलेली वाटी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आता कळलंच आहे तुम्हाला. दोन ठिकाणी याच पायी मोडलं. एकांनी तर सुपारी फुटल्यावर मोडलं. पोर वाढत चालली, लोक घोडनवरी म्हणायला लागले. तिसऱ्यांदा मी लपवणार होतो, दादासाहेब. काय म्हणायचं ते म्हणा."

मला राग आला होता, नाही असे नाही. पण बाजेवर पडलेल्या माणसाला ताडकन उठून जाता येत नाही, ही एक सोय असते.

"मग लावू दे की पाय," मी म्हणालो.

"छे छे! तुम्ही थोरले दीर. तिनं तुम्हाला पाय लावायचा?"

"दीर व्हायचा असेन तर चालता झालो पाहिजे ना आधी?"

मुलगी, द्वारकी, बाहेर आली. मान खाली, अंगावर साधे खणाचे परकर-पोलके. आत्याबाईंनी तिला रीत सांगितली : पाय हलकेच लावायचा, एक शब्द बोलायचा नाही, आणि मागे वळून न बघता सरळ आत निघून जायचे. मागे बघितले तर लचक परत येते. माझ्या घोट्याला तिचा पाय लागला न लागला, आणि ती आत निघून गेली. खरे सांगायचे तर मी डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी सूज उतरू लागली. ती निर्गुडीने उतरली, तुरटीने उतरली की आणखी कशाने, हे मला विचारू नये. मला माहीत नाही. चार दिवसांत मी काठी घेऊन परसदारापर्यंत जाऊ लागलो.

निघायच्या सकाळी अप्पा मुद्द्यावर आले. "आईसाहेबांना स्टेशनावरचंच सांगा. आणि दुसरं... ते नाही सांगितलं तर फार उपकार होतील." त्यांनी हात जोडले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "नका हो अप्पा." द्वारकी बोलत होती. बापाकडे बघत होती, पण ऐकवायचे मला होते. "त्यांना म्हणावं, सगळं सांगा. लपवून दिलंत तर दर पावसाळ्यात आभाळ गडगडलं की मी कुठल्या कोपऱ्यात तोंड लपवू? वीज नाही पडली तरी भीतीनं मरेन मी."

अप्पांनी जोडलेले हात तसेच खाली आणले. मी फक्त मान हलवली. त्या मुलीचे मला फार वाईट वाटले आणि तिचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम.

स्टेशनापर्यंतचे छकड्याचे हिसके पायाला नकोत म्हणून मी काठी टेकत जवळच्या बंदरावर गेलो आणि ओहोटीला सुटणाऱ्या मचव्यात बसलो. मचवा भाताच्या गोणींनी भरला होता. तांडेल (नाखवा) आगरी होता, उघडाबंब, वल्ह्यावर पाय टाकून बसलेला.

"काय बामना, पाय मोरला क (मोडला का)?"

"मुरगळला होता. पायाळूनं बरा केला."

"पायालू?" त्याने खाडीत पिंक टाकली. "जल्ला, त्याला आमी पावसाचे दिसान होरीन (होडीत) घेत नाय. ईज येते त्याचे मांगं."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हालात काय, बसंल तो नी जाईल," तो म्हणाला आणि शीड फिरवू लागला.

दोन्ही काठांना तिवरे, मधूनच बगळे, वारा खारट. दिवे, मुंब्रा ही गावे मागे पडली. आईला काय आणि कसे सांगावे याची मी मनात चार-पाच वेळा जुळवाजुळव केली. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा वाईट जमले.

घरी आईने पायावर पाणी घातले, घोटा दाबून पाहिला. मी सगळे सांगितले. उंबरा, आडवे पडणे, अप्पांचे लपवणे, सगळे.

"उंबऱ्यात पाय बदलत होतास?" आई म्हणाली. "धांदरट तो धांदरटच. त्यात त्या पोरीचा पायगुण कुठून आला?"

मी जरा सैल झालो. मग पायाळूचे सांगितले. पंच्याने माझा पाय पुसणारा आईचा हात थांबला. नाना दाराआड उभा होता, तो एक पाऊल पुढे आला. ती मुलगी काय बोलली तेही मी शब्दाला शब्द सांगितले. आई हातातल्या पंच्याचे टोक पिळत राहिली.

"तिनं स्वतः तुला पाय लावला?"

"हो."

"आणि मग? लगेच वाकून नमस्कार केला ना?"

"नाही. मागे बघायचं नसतं म्हणे. तशीच आत गेली."

"म्हणजे थोरल्या दिराला पाय लावला आणि नमस्कार राहूनच गेला?" आई उठली. तिचा आवाज जरा चढला होता, पण तो रागाचा नव्हता. "किती दिवस जीव खालीवर होत असेल रे त्या पोरीचा! अप्पांना उद्याच्या उद्या निरोप धाड, तिथी काढा म्हणावं. तो नमस्कार करायला तिला याच घरात यायला हवं."