वीस फेऱ्यांची विहीर आणि खवळलेला समुद्र

अर्ज माझ्या नवऱ्यानं आणला. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, मी धर्माबाद तालुक्यात तलाठी. कोकणात समुद्रकाठी ट्रायथलॉन होणार होती. साडेसातशे मीटर समुद्रात पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल आणि उतरलं की पाच किलोमीटर पळायचं.

"तुला तिन्ही येतंय की," तो म्हणाला. "फक्त मधी चहाला थांबायचं न्हाई."

येत होतं, पण वीस वर्षांपूर्वी. वडिलांनी पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून मला आत्याच्या विहिरीत सोडलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. शाळेला सायकलनं जायचे, आणि सायकल पंक्चर असली की पळत. पुढं लग्न, नोकरी, पोरगी. आता बेचाळीस सरली होती आणि तहसीलचा जिना चढताना धाप लागत होती. मी सही करून टाकली.

अडचण पाण्याची होती. तो दुष्काळाचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्याकडचे पोहण्याचे तलाव बंद पडले होते आणि माझा सगळा दिवस टँकरमागं जायचा. गावोगाव बाया रिकाम्या घागरी मांडून बसलेल्या आणि मी पोहायला पाणी शोधून राहिलेली. कुणापाशी बोलायचीही लाज वाटायची.

शेवटी आत्याला फोन केला. तिचं शेत आमच्या घरापासून सात-आठ किलोमीटरवर.

"ये की," ती म्हणाली. "पाणी मचूळ हाय. ढोरं पितात, माणसं न्हाई पीत."

"पण लोक काय म्हणतील?"

"तू काय पाणी खिशात घालून नेणार हायस का?"

आमच्या घराण्यातली, स्वतःच्या मालकीची अशी ती पहिली विहीर. आत्याच्या सासूनं उभा जन्म दुसऱ्याच्या विहिरीपासून लांब उभं राहून, कुणी वरून ओतील तेव्हा घागर भरली होती. म्हणून आत्याच्या नवऱ्यानं रेल्वेतल्या नोकरीवर जमीन घेतली, तेव्हा घर बांधायच्या आधी विहीर खोदली. त्या उन्हाळ्यात धुण्याभांड्याला, जनावरांना पाणी न्यायला कुठल्याही वस्तीतलं माणूस आलं, तरी आत्या कुणालाच नको म्हणाली नाही.

रोज पहाटे मी सायकल मारत जायचे. दगडी पायऱ्या उतरल्या की तळाला दोन पुरुष पाणी. नवऱ्यानं दोरीनं घेर मोजून हिशेब काढला: वीस फेऱ्या म्हणजे साडेसातशे मीटर. मी पंजाबी ड्रेसवरच भिंतीच्या कडेनं गोल गोल पोहायचे आणि तो वर बसून एकेका फेरीला एकेक खडा ठेवायचा. बाराव्या फेरीला चक्कर यायची. आत्या कठड्यावरून ओरडायची, "घाण्याला जुंपल्यावानी काय फिरून राहिलीस गं? जरा उलटी फिर की!" उलटं मला जमत नव्हतं. मी कायम डावीकडेच वळायचे.

पळायला मिरचीच्या बाजारावरून जायचे. तिथं असा ठसका लागायचा की तेवढा पट्टा जीव खाऊन पार करावा लागे. माझा वेग वाढला तो त्या ठसक्यानं.

एसटीच्या टपावर सायकल बांधून आम्ही दोन दिवसांच्या प्रवासानं कोकणात पोचलो. नंबर वाटणाऱ्या मुलीनं विचारलं, "धर्माबाद म्हणजे कुठला जिल्हा?"

"सध्या तरी नांदेड," नवरा गंभीरपणे म्हणाला. आमच्याकडं नवीन जिल्ह्याच्या बातम्या रोज उठत होत्या. चहाच्या टपरीवर तर आठवड्याला आमचा जिल्हा बदलायचा.

शर्यतीच्या सकाळी वारा सुटला. लाटा पुरुषभर उंच उठून वाळूवर आदळत होत्या. माईकवरून सांगण्यात आलं की ज्यांना भीती वाटते त्यांनी पोहणं सोडून थेट सायकलपासून सुरुवात करावी, मात्र नाव निकालात येणार नाही. बरेच जण बाजूला झाले. नवऱ्याचा चेहरा उतरला.

"राहू दे का?" त्यानं विचारलं.

"अहो, एवढं पाणी आपण जन्मात बघितलंय का?" मी म्हणाले. "मी जाते."

पहिल्या लाटेनं मला उचलून परत वाळूवर आणून ठेवलं. दुसऱ्या लाटेनंही तेच केलं. तिसरीच्या खालून कशीबशी आत शिरले. नाकातोंडात खारं पाणी, डोळ्यांची आग. वळायच्या जागी नारिंगी फुगा बांधला होता, त्याच्या दिशेनं मी डोकं खाली घालून हात मारत राहिले. बऱ्याच वेळानं मान वर केली तर फुगा माझ्या उजव्या खांद्यामागं, लांब. मी समुद्रातही विहीर पोहत होते! तेवढ्यात एक लाट तोंडावर फुटली आणि श्वासच मिळेना. पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. इथं मेले तर आमच्या गावात कुणाला खरं वाटणार नाही, असाही एक विचार येऊन गेला.

राखणीला होड्या ठेवल्या होत्या. त्यातली एक जवळ आली. म्हातारा मच्छीमार वाकून, फुग्याकडं बोट करून म्हणाला, "बाय, खंय चल्लंस? फुगो थंय आसा!"

होडीला धरून दम खायची मुभा होती. मी कड घट्ट पकडली आणि खोकत राहिले.

"वर घेव?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. नको.

"मगे भांडा नको तिच्याशी. लाट इली की टकली खाली घाल. गेली की हात मार."

मी दहा श्वास मोजले आणि कड सोडली. लाट आली की डोकं खाली, गेली की हात. चार हात मारले की मान वर काढून फुगा बघायचा. भीती गेली नाही, पण लाटांची लय सापडली.

पाण्याबाहेर मी सगळ्यांत शेवटी आले. सायकलींच्या रांगेत एकच सायकल उरली होती. माझी. शोधायचा त्रास वाचला.

पण सायकलवर मी आमच्या माळरानावरच्या समोरून येणाऱ्या वाऱ्यात तयार झाले होते. चढावर तिघांना मागं टाकलं. त्यातला एक भारी सायकलवाला म्हणाला, "मावशी, दमानं!" मी दमानं घेतलं नाही. पळताना पोटऱ्यांत गोळे आले, तरी चालत, पळत, पुन्हा चालत गेले. शेवटच्या वळणापासून नवरा चप्पल हातात घेऊन शेजारनं पळायला लागला आणि माझ्यापेक्षा जास्त धापा टाकू लागला. शेवटून चौथी आले. गळ्यात पदक घालणाऱ्या बाईला मी मिठीच मारली, ती माझ्या अंगावरच्या घामामिठानं भिजली.

दुसऱ्या दिवशी गाडीला वेळ होता. समुद्र निवांत पडला होता. नवऱ्याला मी ओढत गुडघाभर पाण्यात नेलं. वीस वर्षं तो पोरांना भूगोल शिकवत आला. त्यानं ओंजळभर पाणी घेतलं, इकडंतिकडं बघून हळूच चाखलं आणि डोळे मोठे केले.

"खरंच खारट हाय गं," तो म्हणाला.