उलट्या ‘भ’चा चाकू

रविवार, २७ सप्टेंबर १९९८. सकाळी ढग, नंतर ऊन. आठ-दहाची गाडी आठ-पंचवीसला आली. जुन्नरचा बाजार, दसऱ्यामुळे गर्दी. सोबत चाकू क्रमांक ९ आणि १९६९ सालची वही. बाजारात भांडण केले. मीच केले. परत पावणेपाचला.

बोरी बुद्रुकच्या मोहिनीकाकींच्या वह्यांत पाऊस आहे, पाहुणे आहेत, गाई व्यायल्याच्या तारखा आहेत, मालक गेले त्या दिवसाच्या दोन ओळीही आहेत. भांडण मात्र पन्नास वर्षांत कुठे नाही. त्या दिवशी त्यांनी ते लिहिलं आणि ‘मीच केले’च्या खाली पट्टी धरून रेघ ओढली.

मोहिनीकाकी पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकल्या. तिथे सिस्टर बर्नाडेट नावाची एक कडक जोगीण होती. मुलींच्या पेन्सिली ती स्वतः तासून द्यायची, हाडाच्या मुठीच्या एवढ्याशा मिटत्या चाकूने. पेन्सिल तासून झाली की चाकू टक्कन मिटायचा. आणि कुणाचं एक अक्षर चुकलं तर ते पन्नास वेळा गिरवायला लावायची. काकींना जन्माच्या दोन खोडी लागल्या त्या तिथून: चुकीचं अक्षर दिसलं की हात शिवशिवायचा, आणि मिटत्या चाकूचा टक्क ऐकला की मान वळायची.

एकोणिसाव्या वर्षी त्या लग्न होऊन बोरीत आल्या, तेव्हा तसाच एक मिटता चाकू कमरेला होता. सासूबाई म्हणाल्या, “अगं, बाईमाणसाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा शोभतो.” काकींनी जुडगाही लावला. चाकू काढला नाही.

पुढे एकाचे दोन झाले, दोनाचे दहा. अठ्ठ्याण्णव साली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्रेचाळीस चाकू होते. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली क्रमांकाची चिठ्ठी. आंबे चिरायचा वेगळा, कलम बांधायचा वेगळा, पत्रं फोडायचा वेगळा. आणि त्रेचाळिसातले एकतीस एकाच माणसाच्या हातचे, जुन्नरच्या बाजारात पोतं अंथरून, भाता मांडून बसणाऱ्या भागू लोहाराच्या.

भागूच्या चाकूची ओळख म्हणजे पात्याच्या बुडाशी उठवलेला ‘भ’. हा ‘भ’ उलटा होता, आरशात दिसावा तसा. भागूच्या बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणीतरी जमिनीवर काढून दिलेला ‘भ’ त्याने जसाच्या तसा ठशावर कोरला. ठसा सुलटा कोरला की छाप उलटी उठते, हे त्या बापड्याच्या ध्यानात आलं नाही. पण चाकू असे होते, की मढ गावाकडच्या डोंगरातली माणसंसुद्धा बाजारात येऊन विचारायची, “उल्ट्या भचा हाय का?”

दर रविवारी भागूच्या पोत्यासमोरच्या चहाच्या टपरीवर तिघं बसायचे. मोहिनीकाकी, सावळेराम आणि हौशीराम. वर्तमानपत्र पसरून आपापले चाकू मांडायचे आणि चहा निवेपर्यंत वाद घालायचे. हौशीरामाचा जावई जहाजावर नोकरीला. त्याने आणलेला लाल स्विस चाकू हौशीराम देवासारखा फडक्यात बांधून आणी.

“काकी, कात्री हाय, करवत हाय, दातकोरणंसुदिक हाय यात!”

“दातकोरण्याला आधी दात लागतात, हौशीराम.”

सावळेरामाची तऱ्हा वेगळी. तो पातं बघायच्या आधी छाप बघायचा. खिशात भिंग. “मालाचं काय, माल कुनीबी करतंय,” तो म्हणायचा. “वरिजनल कोन, त्ये बगावं.” साठ चाकू होते त्याच्याकडे आणि एकानेही त्याने कधी कांदा चिरलेला नव्हता.

काकींची परीक्षा सोपी होती. पेन्सिल घ्यायची, एका दमात तासायची. साल न तुटता एकसंध वेटोळं निघालं तर चाकू. नाहीतर लोखंडाची पट्टी.

त्या वर्षी बाजारपेठेत गोकुळच्या हार्डवेअरच्या दुकानात नवे चाकू आले. पुठ्ठ्याची खोकी, वर छापलेलं ‘असली भ छाप’. कुठल्याशा शहरातल्या कारखान्यात झालेला माल. घाट तोच, मुठीचं वळण तेच, फक्त ‘भ’ सुलटा, छापखान्यातून आल्यासारखा. स्वस्तही होता.

भागू म्हणाला, “असूंद्या. ज्येला पायजे त्यो घील.”

पण सर्वपित्री अमावास्येच्या रविवारी सावळेराम आला तो छाती काढूनच. येडगावचा आदेश भागूशी बोलत उभा होता. त्याच्या आणि शेजारच्या बागांत द्राक्षाची कलमं व्हायची होती. त्यासाठी पंचवीस चाकू सांगायला तो आला होता. दसऱ्याच्या आधी भागूला वर्षातलं सगळ्यात मोठं काम.

“थांबा पावणं,” सावळेराम म्हणाला, आणि वर्तमानपत्रावर एक जुना चाकू ठेवला. पातं झिजून निम्मं झालेलं, मूठ काळीभोर. “सासऱ्याच्या ट्रंकंत घावला. तीस वर्साचा म्हातारा हाय ह्यो. आता छाप बगा.”

सगळे वाकले. सुलटा ‘भ’.

“म्हंजी वरिजनल सुलटा,” सावळेराम म्हणाला. “गोकुळच्या दुकानातला. आन् उल्टा कुनाचा? चोरलेली छाप उल्टीच उटायची! ह्यो भागू आन् ह्येचा बाप, दोगांनी आपल्याला नकली माल इकला राव, इतकी वर्सं.”

भागूने चाकू उचलला. अंगठा छापेवरून फिरवला. मग त्याने मान वर करून मोहिनीकाकींकडे पाहिलं. एवढंच. आणि चाकू खाली ठेवून भात्याशी जाऊन बसला.

“बोल की आता!” सावळेराम म्हणाला.

भागूने भाता ओढायला घेतला. आदेश थोडा वेळ घुटमळला. “बगतो, पुढच्या बाजारी सांगतो,” म्हणाला आणि गोकुळच्या दुकानाकडे वळला.

काकी चहा अर्धा टाकून उठल्या आणि गाडीला लागल्या.

कारण तो ‘भ’ त्यांनीच सुलटा केला होता.

एकोणसत्तर सालापर्यंत त्यांनी भागूचे सात चाकू घेतले होते आणि दर वेळी तो उलटा ‘भ’ त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. शेवटी त्यांनी भागूला कागदावर ‘भ’ काढून दिला, पर्समधला आरसा धरून समजावलं, की ठशावर उलटा कोर म्हणजे पात्यावर सुलटा येईल. भागू तेव्हा सदतिशीचा. म्हणाला, “वैनी, लोकं अशानंच वळकत्यात मला.” काकी म्हणाल्या, “चूक ती चूक.” शिकलेल्या बाईपुढे तो काय बोलणार! त्याने नवा ठसा कोरला, बारा चाकू केले. गिऱ्हाईक यायचं, पात्यावर अंगठा फिरवायचं आणि म्हणायचं, “ह्यो भागूचा न्हाई.” तीन खपले, त्यातला एक काकींनीच घेतला. उरलेल्या नवांची छाप भागूने घासून काढली आणि बापाचा ठसा पुन्हा हातात घेतला. त्याबद्दल तो काकींना एका शब्दाने बोलला नाही. काकींनी त्या चाकूला नऊ क्रमांक दिला, डब्याच्या तळाशी घातला आणि टपरीवर कधी काढला नाही.

आता भागू त्यांच्यासाठी गप्प बसला होता. ‘वैनींनी सांगितलं म्हणून केला,’ एवढं वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण बाजारात चार माणसांपुढे शिकल्या घरच्या बाईची चूक काढायची नाही, म्हणून तो बापासकट चोर ठरायला तयार झाला.

काकींना त्या आठवड्यात घटाला माळ घालताना भागू दिसला, गाईला वैरण घालताना भागू दिसला. मंगळवारी त्यांनी माळ्यावरून एकोणसत्तरची वही काढली. शनिवारी डब्याच्या तळातून नऊ नंबर काढला, तेलपाणी केलं. नातसून श्रेया म्हणाली, “आजी, कुठे निघालात एवढी तयारी करून?”

“भांडायला,” काकी म्हणाल्या. श्रेयाला वाटलं थट्टा आहे.

रविवारी बाजार फुलला होता. खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून विळे, कोयते, कुऱ्हाडी शेवटून धार करून घ्यायला माणसांची रांग लागायची भागूपुढे. त्या दिवशी चारच जण होते. टपरीवर सावळेराम ऐटीत बसला होता, त्याच्यापुढे नवा आणि जुना, दोन्ही सुलटे ‘भ’ शेजारी शेजारी. आदेशही आला होता, चहा पीत उभा होता.

काकी बसल्या नाहीत. त्यांनी नऊ नंबर उघडला आणि सावळेरामापुढे धरला.

“घे.”

सावळेराम मागे सरला. आपल्याकडे चाकू हातातून हातात देत नाहीत. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा.

“खाली ठिवा काकी. हातात दिल्यानं भांडान व्हतं.”

“म्हणूनच देतेय. घे हातात.”

आजूबाजूची माणसं थांबली. सावळेरामाने घेतला. भिंग काढून बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. “अरं तिच्या! सुलटा! काकी, तुमच्याकडंबी वरिजनल व्हता आन् बोलला न्हाई?”

“बोलायला आलेय. भिंग तसंच धर. ‘भ’च्या उभ्या दांडीत मधोमध फट आहे की नाही?”

“हाय.”

“तुझ्या सासऱ्याच्या चाकूवर बघ.”

सावळेरामाने बघितलं. पुन्हा बघितलं. “हितंबी हाय.”

“आता गोकुळच्या मालावर बघ.”

या वेळी भिंग बराच वेळ हललं नाही. हौशीराम खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, “न्हाई की रं! दांडी सबंद हाय.”

काकींनी पिशवीतून वही काढली, चष्मा लावला आणि त्यांच्या त्या स्वच्छ, शाळेतल्या आवाजात वाचलं:

“रविवार, ३१ ऑगस्ट १९६९. भागू लोहाराकडून ‘भ’ सुधारून घेतला. नव्या ठशाचा दुसऱ्याच घावाला टवका उडाला, दांडीत फट येते. तरी अक्षर शुद्ध आहे. भागूच्या मनात नव्हते. मी ऐकले नाही.”

वही मिटून त्या म्हणाल्या, “हे सुलटे चाकू भागूनेच केले. बारा. तीन खपले, उरलेल्यांची छाप त्याने घासून काढली. मी करायला लावले. उलटा ‘भ’ त्याच्या बापाचा आहे आणि सुलटा माझा. त्याने काही चोरलं नाही. या कारखान्यानेच त्याचा घाट उचललाय आणि वर अक्षर तेवढं नीट काढलंय.”

“म्हंजी,” सावळेराम हळूच म्हणाला, “शिकल्याली बाई चुकली?”

“चुकली. मोठ्याने म्हण, मागच्यांना ऐकू गेलं नसेल.”

कुणीतरी हसलं. सावळेरामही हसला असता, पण काकी हसत नव्हत्या. “आणि तू मेलेल्या माणसाला चोर म्हणालास, तेही भर बाजारात. तेही मोठ्यानेच मागे घे. भागू, इकडे ये.”

भागू लोखंड तसंच टाकून उठून आला. “वैनी, कशापायी ह्ये? मिटलं असतं.”

“तू आठवडाभर गप्प बसलास. आता मी बोलतेय तेव्हाही गप्प बस.”

सावळेराम उठला. टोपी सारखी केली. “भागूभाऊ, बापाला बोललो त्ये चुकलं माजं.” म्हणाला तर खरा, पण नजर हातातल्या सासऱ्याच्या चाकूवरच. “काकी, बारातलं तीनच ऱ्हायलं म्हनता? एक तुमचा, एक माजा. मंग तिसरा कुटं हाय?”

“बगा,” हौशीराम म्हणाला, “मानूस चाललाय वाहून आन् ह्यो म्हंतोय माजी टोपी कुटं हाय!”

गोकुळ दुकानाच्या दारातून हे सगळं ऐकत होता. तो व्यापारी माणूस, रागावला नाही. खाली आला आणि म्हणाला, “भागूमामा, आता तरी सुलटा मारायला लागा. खोक्यात घालून मीच ठेवतो दुकानात. उलट्याला बाहेरचं गिऱ्हाईक बिचकतंय.”

भागूने काकींकडे पाहिलं, एकोणतीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच. काकींनी पिशवीचा बंद आवळला.

“न्हाई,” भागू म्हणाला. “उल्टाच ऱ्हाईल. बिचकू दे.”

आदेशने पंचवीस सांगितले नाहीत. बारा सांगितले. बाकीचे तेरा शेजाऱ्यांनी आधीच गोकुळकडून घेतले होते. भागूने ते मोजलेही नाहीत. कलमाला पातं किती लांब हवं, तेवढंच विचारलं आणि भात्याशी जाऊन बसला. काकींनी चहा मागवला, सबंध प्यायल्या. पिशवीतल्या पेन्सिलीला टोक केलं, सावळेरामाकडून परत घेतलेल्या नऊ नंबरने. साल मधेच तुटलं.

“माझ्याच हट्टाचा,” त्या म्हणाल्या आणि तो तिथेच वर्तमानपत्रावर ठेवला, उलट्या भच्या रांगेत, सगळ्यांना दिसेल असा.

संध्याकाळी घटापुढे दिवा लावून झाल्यावर त्यांनी वही उघडली. बाजार, गर्दी, भांडण, सगळं लिहून झालं, रेघही ओढून झाली. मग खाली आणखी एक ओळ लिहिली:

विळीचा खिळा ढिला झाला आहे. भेंडी उलट्या ‘भ’च्या चाकूने चिरली.