सोसायटीचं बोअर आणि पाणबुडी ऐकणारा

सुट्टीवर आलो तेव्हा वडवणीच्या स्टँडवर वडील घ्यायला आलेले. सोबत आमच्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन, आणि ते चक्क माझी बॅग उचलायला वाकले! मी चाटच पडलो.

नौदलात मी पाणबुड्या शोधणाऱ्या विमानावर होतो. समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालायच्या, पाण्यात ऐकायची यंत्रं टाकायची आणि कानाला हेडफोन लावून पाणबुडीचा आवाज हुडकायचा, हे माझं काम. वडिलांनी मात्र पारावर सांगून ठेवलेलं, "आमच्याला इमानात बसून पाण्याच्या पोटातलं ऐकू येतंय."

झालं! त्या साली दुष्काळानं आडाचा तळ उघडा पडलेला. सोसायटीनं गावच्या जनावरांसाठी एकच बोअर घ्यायचं ठरवलं होतं. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन जागा बघायला आला, तर त्याला नारळासकट वापस लावून दिलं. कावून? तर जागा मी दाखवणार. वडिलांनी तसा शब्द दिलेला.

माझं डोकंच फिरलं. "आबा, पाणबुडीचं इंजिन वाजतं म्हणून ऐकू येतं. पाणी काय बोलतंय का?"

"तू ऐक तर," वडील म्हणाले. "पयल्यांदाच चेअरमन आपल्या घरी च्या प्यालाय."

सोसायटीच्या माळावर सगळा गाव जमलेला, पण चिडीचूप. मला ऐकू यावं म्हणून! एका बाईनं रडत्या लेकराच्या तोंडावर हात धरला. मी संतापून पाय आपटला, "घ्या इथंच!" कुणीतरी लगेच तिथं चुना टाकला. अरे, चेष्टा कळत नाही का, म्हणून ओरडणार, तर समोर वडील हात जोडून उभे. मी चुन्यावरून पाय तेवढा बाजूला घेतला.

दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी लागली. चारशे फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा. आता जोडे पडणार म्हणून मी मान खाली घातली. कुणी साधी शिवी दिली नाही. चेअरमन एवढंच म्हणाले, "त्याला वरून ऐकायची सवय हाय. जमिनीवरून कसं कळंल?" मी हादरलो. जोडे परवडले असते.

माणसं पांगली. गाडीवाला पाइप आवरू लागला. वडील धुळीत तसेच बसून होते.

"खरं सांग, तुला कायतरी ऐकू आलतं ना?"

त्यांचं तोंड बघवेना. "आलतं, आबा."

"मंग पाणी अजून खाली हाय," म्हणत ते ताडकन उठले आणि गाडी थांबवायला पळत सुटले.