बेगायिम कुणाची

झूरा एजे नारिन इथल्या मुलींच्या सुधारगृहात बावीस वर्षं नोंदी ठेवत होत्या. एजे म्हणजे ताई; आम्ही सगळेच त्यांना तसं म्हणायचो. अक्षर मोत्यासारखं, जीभ तिखट. मी तिथला ड्रायव्हर. सुटलेल्या मुलींना घरी पोचवायचं काम माझं.

बेगायिम चौदा वर्षांची. बूट चोरले म्हणून आलेली. पहिलं मूल आजीला देऊन टाकायची आमच्याकडे रीत, तशी ती जन्मापासून खिंडीपलीकडच्या आजीची. आजीला आई म्हणायची आणि जन्मदात्या आईला वहिनी. कागदावर मात्र आईबापच. दर सुटकेनंतर भरायच्या तक्त्यात विचारायचे, ‘मूल पालकांकडे परत गेलं का?’ होय म्हणजे यश. मी तिला शहरात आईबापांच्या दारात सोडायचो, ती आजीकडे पळायची, वाटेत पोलिस धरून आमच्याकडे आणायचे. असं तीनदा झालं.

वर्षाखेरीस खेड्यातल्या मुलींना शहरातल्यांइतकाच लाभ होतो का, याचे आकडे निघाले. खेड्यातल्या पुढे! संचालक कुबानिच खूश.

“एजे, आज चहाबरोबर मध तुमच्याकडून!”

“खिंडीजवळ पकडली म्हणून खेड्यातली धरून एकाच पोरीला तीनदा मोजलंत. पळाली म्हणून आली, आली म्हणून मोजली. लाज कशी वाटत नाही?”

“तक्ता राजधानीतून येतो. मी काय करू?”

“एक रकाना वाढवा. मूल आई कुणाला म्हणतं, एवढंच विचारा.”

“तुमचं आपलं काहीतरीच!”

एजेंनी पट्टी घेऊन पानापानावर स्वतः रकाना आखला. नमुना चुकीचा म्हणून सगळी पानं परत आली.

जानेवारीत बेगायिम चौथ्यांदा माझ्या गाडीत बसली. एजे काचेशी वाकल्या. “एसेन, हिला आजीकडे ने रे.”

“नोकरी जाईल, एजे.”

मी घाबरट माणूस. पुन्हा आईबापांच्याच दारात सोडलं.

या वेळी मात्र ती परत आली नाही. सहा महिने मूल सुधारगृहात परतलं नाही तर ‘सुधारली’ लिहायचं, असा नियम. एजेंनी लिहिलं. लिहिताना हसल्यासुद्धा. “टिकली बाई एकदाची!” मग बाजारातून तिच्या मापाचे बूट आणले आणि मला म्हणाल्या, “चल, देऊन येऊ.”

शहरात आईनं दार उघडलं. “ती? ती तर दुसऱ्याच दिवशी आजीकडे गेली. म्हटलं, राहू दे तिकडेच.”

खिंड ओलांडून आजीकडे गेलो. म्हातारीनं चहा ओतला, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी एजेंच्या हातात दिली. “माझ्या लेकीला द्या हे. कधी सोडताय तिला?”

म्हणजे बेगायिम इथवर पोचलीच नव्हती.

तसेच पोलिस चौकीत गेलो. हवालदारानं आमच्याच सुधारगृहाचा कागद काढून पुढे सरकवला.

“हरवली कशी म्हणता? हिचं प्रकरण बंद झालंय. हे बघा, ‘पालकांकडे आहे, सुधारली.’”

एजे त्या कागदाकडे बघत राहिल्या. अक्षर त्यांचंच होतं.