हौसाबाईंचं ताक

शेडचं दार उघडण्याआधी हौसाबाई त्याला कान लावून उभ्या राहत. आत दोन हजार कोंबड्या. त्यांतली एखादी जरी शिंकली तरी बाईंना कळे. "आदी ऐकायचं, मंग उगडायचं," त्या म्हणत. डिप्लोमा घेऊन मी थेरगावच्या त्या पोल्ट्रीवर लागलो, तेव्हा पहिल्याच सकाळी हे पाहिलं आणि मनात हसलो. ते हसू आठवडाभर टिकलं.

बाई गावातल्याच, पन्नाशीच्या, अंगठाबहाद्दर. एक शेड त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. सत्तरच्या सुमाराचे ते दिवस. पक्षी आजारी असोत वा नसोत, मी खाद्यात रोज अँटिबायोटिकची पिवळी पावडर मिसळायचो. तेव्हा सगळेच मिसळत. बाई तिला हात लावत नसत. पिंपरी कॅम्पातल्या व्यापाऱ्यांकडून सुट्या पडलेल्या लसणाच्या पाकळ्या आणायच्या, हळद-ओव्याबरोबर ठेचून खाद्यात कालवायच्या, आणि दुपारी पक्ष्यांना आंबट ताक. एकदा मी त्यांना शास्त्र समजावायला गेलो. "रोजच औषीद खाल्लं, तर दुखण्याच्या दिशी काय खानार?" हातातली पाटी खाली न ठेवता त्यांनी विचारलं. मला रागच आला.

थंडीत माझ्या शेडमध्ये हगवण लागे, त्यांच्या शेडमध्ये नाही. पोल्ट्रीचे मालक शेठ आले की सरळ त्यांच्याकडे जात. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला सांगू? बाईंच्या शेडात एखादी साथ येऊ दे, असंही मी देवाला म्हटलेलं आहे. त्यातच शेठनी चाकणला नवी पोल्ट्री काढायचं ठरवलं आणि आम्हा दोघांपैकी एकाला तिथं मुख्य नेमणार म्हणून सांगितलं.

बाईंना विचारणं जिवावर आलं, म्हणून मी लपून पाहिलं. लसूण किती, हळद किती, ताक किती दिवसांचं. त्या ताक मातीच्या पसरट परळांत ओतत, तेही पाहिलं. पण ती गरिबीची सवय समजून सोडून दिलं. माझ्याकडे जस्ती पत्र्याची नवी भांडी होती; त्यांतच मी माझ्या पक्ष्यांना ताक देऊ लागलो. बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं हे आमच्या घरी लहान पोरांनाही ठाऊक, पण पत्र्याचं माझ्या डोक्यात आलं नाही. चौथ्या दिवशी पक्षी माना टाकू लागले.

बाई धावत आल्या. भांड्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या. "कळाकलंय. पत्र्यात ताक ठिवत्यात व्हय?" एवढंच बोलून त्यांनी पदर खोचला आणि माझ्याबरोबर सगळी भांडी रिकामी केली. तोवर शेठ दारात.

"हे ताक द्यायला कोणी सांगितलं?"

"म्या," बाई म्हणाल्या. "परळात द्या म्हनून सांगायचं इसारले."

"बाई, एवढ्या कामात विसरून कसं चालेल?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. चाकणची जागा मला मिळाली, आणि बाईंच्या त्या मोठेपणाचाही मला हेवा वाटला.

निघायच्या दिवशी त्या फाटकाशी भेटल्या. "पुढल्या टायमाला इचारा, सायेब. इचारल्यानं काय कमी व्हत न्हाई." बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चाकणला मी पुन्हा पावडरच सुरू केली. पुढं ऐंशीच्या सुमाराला ती लागू पडेनाशी झाली; दुप्पट दिली तरी हगवण हटेना. लसूण करून पाहिला, तर प्रमाण साधेना. बाई तेव्हा थकून घरीच असत. मी तीनदा त्यांच्याकडे जायला निघालो. एकदा तर बसनं थेरगावात पोचलो आणि उतरलोच नाही. "माझ्यावाचून याचं अडलं," असं त्या कधी म्हणाल्या नसत्या. तेच मला सोसलं नसतं.

त्या गेल्याचं मला महिन्यानं कळलं. निरोप आला तेव्हा मी पावडर कालवत होतो. हात धुऊन तसाच थेरगावला गेलो. सुनेनं चहा दिला. सासूच्या हाताखाली शिकून आता तीच ती शेड बघत होती. तिलाही मी काही विचारलं नाही.