पाठवणारी: एदुविना बार्रिया

चिठ्ठीखाली पाठवणाऱ्याचं नाव नसलं, की एदुविनाबाई ती चिठ्ठी खिडकीतून तशीच परत सरकवायच्या. "निनावी निरोप म्हणजे अफवा," म्हणायच्या, "आणि अफवांसाठी चर्चबाहेर बाक ठेवलाय." समोरचा माणूस दिवसभर घोडा दामटवत आलेला असो नाहीतर खुद्द पाद्रीबाबा असोत, नाव घातल्याशिवाय त्यांच्याकडून निरोप बाहेर पडत नसे.

आमचं रेमेदिओ गाव चिलीच्या पार दक्षिणेला. पाद्रीबाबांच्या जुन्या कोठारात रेडिओ केंद्र होतं. मी, निबाल्दो, तिथलं यंत्र सांभाळायचो, आणि एदुविनाबाई निरोप वाचायच्या. दुपारी साडेबाराला आणि संध्याकाळी सातला, एकतीस वर्षं. वर पेर्दिदो नदीच्या खोऱ्यात फोन नव्हता, टपाल नव्हतं. गावात आलेला माणूस आमच्या खिडकीशी येऊन चिठ्ठी लिहायचा. 'ओयार्सो कुटुंबास: गुरुवारी उतारावर दोन घोडे घेऊन थांबा.' 'मारिनास: ऑपरेशन झालं, शेळी विकू नका.' ज्याचा निरोप त्याने ऐकावा असं नव्हतंच, सगळं खोरं सगळ्यांचे निरोप ऐकायचं. कुणाचा रेडिओ बंद पडलेला असला, तर ऐकणाऱ्याने घोड्यावर बसून त्याला जाऊन सांगायचं, हा तिथला धर्मच. फक्त एक होतं. बॅटरी महाग आणि दुर्मिळ, त्यामुळे लोक या दोन वेळांनाच रेडिओ लावायचे. मधल्या वेळात मी गाणी लावायचो ती बहुतेक मेंढ्यांसाठीच.

वाचताना बाई पदरचा एक शब्द घालत नसत. बारसं असो की बुडालेली मेंढरं, आवाज तोच. मी एकदा म्हटलं, "बाई, बाळ झालंय, जरा हसून तरी वाचा."

"बाळ माझं आहे का? ज्याचं आहे तो हसेल."

या सवयीपायी त्यांचा सख्खा भाऊ तुटला. देल्फिन बार्रिया, खोऱ्यातल्या सगळ्यात वरच्या घरात एकटा राहायचा. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई गावातल्या इस्पितळात वारली. हिवाळ्याने वाट बंद होती. इस्पितळाने चिठ्ठी लिहून दिली आणि बाईंनी ती साडेबाराला वाचली. 'देल्फिन बार्रिया यांस: आपल्या मातोश्री आज पहाटे निवर्तल्या. पाठवणार: इस्पितळ.' पुढचा निरोप पिठाच्या पोत्यांचा होता, तोही वाचला. बर्फ वितळल्यावर देल्फिन खाली उतरला, खिडकीशी आला आणि म्हणाला, "आई गेली हे तू मला पिठाच्या पोत्यासारखं सांगितलंस. दादा एवढा एक शब्द जास्तीचा झाला असता का गं?" तो गेला तो पुन्हा खिडकीशी आला नाही. मला विचाराल तर चूक बाईंची होती, आणि हे मी त्यांना सांगितलंही होतं. त्यावर त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

तर तो ऑगस्टमधला, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्यातला, मंगळवार. पहाटे ज्वालामुखी डोंगराचं तोंड फुटलं. दहा वाजता आम्ही दिवे लावले, इतकी राख पडत होती. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज सुरू होता. साडेबाराच्या आत सरकारी कचेरीतून आदेश आला आणि बाईंनी तो वाचला: पेर्दिदो खोऱ्यातील रहिवाशांनी घरातच थांबावे, फटींना ओली फडकी लावावीत, रस्त्यावर येऊ नये. खालचं नावही वाचलं. खोऱ्याने ऐकलं, रेडिओ बंद केले, आणि बाराही घरं दारं लावून बसली. एदुविनाबाईंनी वाचलं म्हणजे ते खरंच असणार.

सव्वादोनला फोन वाजला. माणूस ओरडत होता. डोंगरावरचा बर्फ वितळतोय, चिखलाचा लोंढा नदीने खाली येणार, पाचच्या आत सगळ्यांना दक्षिणेच्या कड्यावर चढवा. बाईंनी विचारलं, "आपलं नाव?" आणि फोन मेला. पुन्हा लागलाच नाही. पोलीस राखेत वर जाऊ शकत नव्हते. त्यांची गाडी गावाच्या वेशीवरच रुतली होती.

बाई फोन हातात धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "निबाल्दो, मी त्यांना घरात बसवलंय."

"तुम्ही कुठं? आदेश होता तो."

"आवाज माझा होता. आता ते सातला रेडिओ लावतील. सातला ऐकायला कोण असेल तिथं?"

त्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटले आणि ओठ हलवू लागल्या. मला वाटलं प्रार्थना करतायत. तर त्या निरोप आठवत होत्या. एकतीस वर्षांत कुणाच्या घरी काय आलं, काय मोडलं, कोण आजारी, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. अचानक म्हणाल्या, "सेल्मिराआजी! पंधरा दिवसांपूर्वी तिच्या लेकाने अर्जेंटिनाहून ट्रकची बॅटरी पाठवली. मीच वाचला तो निरोप. कंबर मोडून पडलीय म्हातारी, दिवसभर तिला दुसरं काय काम? ती रेडिओ बंद करत नसणार."

"पण अंथरुणातली बाई करणार काय?"

"तिच्या अंगणात लोखंडी रूळ टांगलाय, जेवायला बोलवायचा. रूळ वाजवायची दोरी लेकाने खाटेला बांधून दिलीय. तोही निरोप मीच वाचलाय. माइक लाव."

मी म्हटलं, "कचेरीचं नाव तरी घाला. नाहीतर कुणी विश्वास ठेवायचं नाही."

"त्यांनी नाव दिलं नाही. खोटं नाव मी घालणार नाही." मग माइक जवळ ओढत म्हणाल्या, "माझं घालते."

आणि माइकवर बोलल्या. हातात कागद नव्हता. "सेल्मिराआजी, मी एदुविना. ऐकताय ना? आजी, दोरी ओढा. थांबू नका, ओढत राहा. जो कुणी रूळ ऐकेल त्याने रेडिओ लावा. नदीला लोंढा येतोय. घरं सोडा, पाचच्या आत दक्षिणेचा कडा चढा. दुपारी मी वाचलं ते विसरा. वर शेवटच्या घरापर्यंत निरोप पोचवा. पाठवणारी: एदुविना बार्रिया." एकतीस वर्षांतला त्यांचा स्वतःचा पहिला निरोप. तो पुरा होईस्तोवर त्यांचा आवाज फाटला होता.

हे त्या साडेतीनपर्यंत पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आमचं यंत्र किती अडाणी आहे. त्याला फक्त तोंड, कान नाहीत. म्हातारी जागी आहे की झोपलीय, बॅटरी चालतेय की मेलीय, काही कळायला वाव नव्हता. बोलून झालं की बाई माइककडे बघत राहायच्या, जणू तो उलट काही सांगेल. "काय करतेय ती म्हातारी, काय करतेय!" एकदा त्या टेबलावर मूठ आपटून म्हणाल्या. मी त्यांना माते, आमचा कडू चहा, करून दिला, तो तसाच गार झाला.

सहा वाजता कड्याच्या पलीकडच्या वाटेने पहिली माणसं गावात आली. डोळे सोडून सगळी करडी. चर्चमध्ये त्यांना बसवलं. ओयार्सो धापा टाकत म्हणाला, "भलत्या वेळी रूळ वाजायला लागला. म्हटलं म्हातारी पडली बिडली की काय, म्हणून पळत गेलो. तर ती दोरी ओढतेय आणि मलाच शिव्या देतेय. 'मला काय बघतोस गाढवा, रेडिओ ऐक!' ऐकला. आधी वाटलं, ही आपली एदुविना नव्हेच, कुणी वेडी बाई बसलीय माइकवर. मग खाली नाव आलं, तेव्हा पळालो."

"आजीला आणलंस ना?" बाईंनी विचारलं.

ओयार्सो खाली बघायला लागला. "उचलायला गेलो, तर चावायला आली. म्हणाली, 'वर सहा घरं आहेत, त्यांना कोण सांगेल? तू घोडा काढ. शेवटी देल्फिन येईल बैलांची गाडी घेऊन, तो मला उचलेल.' मी देल्फिनला सांगितलं बाई. त्याने बैल जुंपलेले मी पाहिले. मग आम्ही कडा चढलो आणि मागे नदीचा आवाज झाला. कड्याकडे यायचा पूल गेला."

दहा घरं आली होती. दोघं नव्हती. लोकांनी बाईंचे हात धरले, रडले, त्यांच्यासाठी क्रूसाची खूण केली. त्या सगळ्यांकडे बघत होत्या आणि दाराकडे बघत होत्या. मग उठून कोठारात आल्या.

"निबाल्दो, माइक."

"कुणासाठी, बाई? खोरं रिकामं आहे."

"लाव म्हटलं ना."

तिथून पुढे तीन दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, दर तासाला त्या एकच निरोप देत होत्या. "देल्फिन बार्रिया, वरचं शेवटचं घर. दादा, आहेस का? मी आईचं नीट सांगितलं नाही. तेव्हा मला रडू येत होतं आणि मला लोकांसमोर रडायचं नव्हतं. दादा, आहेस का रे?" हे सगळ्या गावाने ऐकलं, चर्चमधल्या दहा घरांनी ऐकलं. कुणीही हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, बाई, घसा बसलाय, जरा पडा, मी वाचतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जनरेटरमध्ये डिझेल भरायला निघून गेलो. मनातून मी देल्फिनची आशा सोडून दिली होती, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी मला त्यांचा रागही यायला लागला. मेलेल्या माणसाला किती बोलवायचं?

चौथ्या दिवशी राख थांबली आणि पोलिसांना नदीपलीकडे, आजीच्या घरामागच्या टेकडीवर मेंढ्यांच्या गोठ्यातून धूर दिसला. दुपारी त्यांनी देल्फिनला दोराने अलीकडे आणलं. सेल्मिराआजीलाही आणलं, घोंगडीत गुंडाळून. तिसऱ्या रात्री ती गेली होती.

बाई नदीकाठी उभ्या होत्या. देल्फिन चिखलातून चालत आला, दाढी राखेने पांढरी, आणि बहिणीच्या समोर थांबला. मला वाटलं मिठी मारेल. ही बार्रिया माणसं कुठली मारायला!

"किती बोललीस गं," तो म्हणाला. "सगळी बॅटरी खाल्लीस म्हातारीची."

"रेडिओ होता तुमच्याकडे?"

"तिने सोडला नाही ना. गाडीत आधी रेडिओ ठेव म्हणाली, मग मला. गोठ्यात तो उशाशीच होता. थंडी फार होती. घोंगडी एकच, तिला दिली, पण तिची छाती भरली होती." त्याने दाढीतली राख झटकली. "शेवटपर्यंत हसत होती मला."

"हसत होती?"

"तू दर तासाला विचारायचीस ना, आहेस का म्हणून. म्हातारी म्हणायची, 'मूर्खा, तिला ऐकू जात नाही, कशाला ओरडतोस त्या खोक्यावर?' मी म्हटलं, ठाऊक आहे मला. पण ती विचारतेय, मग गप्प कसं बसायचं?"

एदुविनाबाईंनी विचारलं, "काय म्हणायचास?"

"काय म्हणणार? आहे म्हणायचो. आहे गं, इथंच आहे."