चुकलेल्या दाताचा मंगळ

माझा संसार मंगळाने मोडला, असं सासरचे सांगतात. नवऱ्याची गाडी कारध्याच्या पुलाजवळ घसरली, पाय मोडला आणि सासूने माझी पत्रिका दुसऱ्या ज्योतिषाकडे नेली. लग्नाआधी जुळलेली तीच पत्रिका!

"तुह्या मंगळानं माह्या पोराचा पाय खाल्ला," ती म्हणाली. नवरा आपल्या प्लास्टरकडे बघत राहिला. महिनाभरात मी लाखनीला माहेरी आले आणि पुढे रीतसर घटस्फोट झाला. सोबत आणली ती लग्नाची साडी आणि पत्रिका.

मी शाळेत चित्रकला शिकवते. एका संध्याकाळी विज्ञानाच्या सरांनी मैदानात दुर्बीण लावली, तेव्हा मंगळ पहिल्यांदा पाहिला. मसुराच्या डाळीएवढा! एवढ्याशा दाण्याने माझं घर खाल्लं म्हणे. आधी हसू आलं, मग असा संताप आला की घरी येऊन थेट कात्री काढली.

साडी सासूच्या घरच्या हातमागावरची, कोशाच्या रेशमाची, करवती काठाची. काठाला करवतीसारखे दात असतात. ते तिने स्वतः बसून विणले होते आणि एक दात चुकला होता. लग्नात बायकांनी तो दाखवला तर हसून म्हणाली, "राहू द्या, तेवढ्यानं नजर नाही लागत." कापडातली चूक तिने अशी पदरात घेतली, पत्रिकेतली नाही घेतली. याचा राग मला अजून आहे.

प्लायवर धानाचा कोंडा डिंकात कालवून गोल थापला, वर विटांचा चुरा दाबला, लाल मंगळ झाला. पत्रिकेतलं सातवं, लग्नाचं घर, जिथे तो मेला मंगळ बसलाय, कापून मधोमध चिकटवलं. कडेने साडीचा काठ फिरवला. चुकलेला दात मुद्दाम समोर, डोळ्यांच्या उंचीवर येईल असा ठेवला.

भंडाऱ्यात आम्हा कलाशिक्षकांचं प्रदर्शन ठरलं, त्यात हेच चित्र दिलं. सासूला आमंत्रण मी स्वतः नेऊन दिलं. तिने यावं आणि चारचौघांत तिची मान खाली जावी, एवढंच मला हवं होतं. खोटं कशाला बोलू?

ती आली. नवी साडी नेसून, शेजारणीला घेऊन आली. मी माफी मागणार असं तिला वाटलं असावं. चित्रासमोर उभी राहिली, काठावरून बोट फिरवत गेली आणि त्या दातापाशी थांबली.

"हे तं माह्या हातचं आहे. काहून फाडली वो?"

"मी कुठं फाडली? मंगळानं खाल्ली."

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. ती माझ्या कानाशी आली. वाटलं, आता दोन शब्द बोलेल, चुकलं म्हणेल.

"तो दात तेवढा झाकून टाक," ती म्हणाली. "लोकं पाहून राहिले."

"राहू द्या आई," मी मोठ्याने म्हणाले, "तेवढ्यानं नजर नाही लागत."

आणि तिच्या शेजारणीला तो दात बोटाने दाखवला.